हजारो गाण्यांत बेस गिटार वाजवणाऱ्या वादकाचं करिअर कसं घडतं? कोकणात राहून ते जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मालवणजवळ राहता, कॉलेजात आहात, ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवता. अमेरिकेतल्या कॅरोल के यांनी दहा हजारांच्या आसपास रेकॉर्डिंगमध्ये बेस आणि गिटार वाजवली असं तुमच्या वाचनात आलं. एका माणसाकडून एवढं काम होऊ शकतं का आणि स्टेजवर न दिसता स्टुडिओत वाजवून जगायचं असेल तर काय करावं, हे तुम्हाला हवंय.

मी कुडाळचा. बरीच वर्षं मुंबईत ऑर्केस्ट्रात आणि स्टुडिओत बेस वाजवला, आता गावी राहून वाजवतो. या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी आकडा. दहा हजार हा अंदाज आहे, पण पटण्यासारखा. साठच्या दशकात लॉस एंजेलिसला वादकांच्या युनियनच्या नियमाने एक सेशन, म्हणजे स्टुडिओतली ध्वनिमुद्रणाची एक बैठक, तीन तासांचं असे. त्यात तीन-चार गाणी उरकायची. मागणी असलेला वादक दिवसात अशी तीन सेशन करी. म्हणजे रोजची दहाएक गाणी झाली. असे हजार दिवस भरले की झाले दहा हजार. त्यात सिनेमाचं पार्श्वसंगीत, टीव्ही मालिका, जाहिराती हे सगळंही आलं. तेव्हा आकडा अशक्य नाही. मला विचाराल तर खरं नवल दुसरंच आहे. ते हजार दिवस बाईंना कुणीतरी पुन्हा पुन्हा बोलावलं. सेशन वादकाचं करिअर म्हणजे ही पुन्हा आलेली बोलावणीच, दुसरं काही नाही. पहिलं बोलावणं ओळखीने येतं, कधी नशिबाने येतं. दुसरं तुमच्या वाजवण्यावर येतं.

कॅरोल के यांचंच बघा. जन्म १९३५चा, वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेट गावचा. आई-वडील दोघंही वादक, पण घरात पैशाची ओढाताण. चौदाव्या वर्षापासून त्या गिटार शिकवून घरखर्चाला हातभार लावत होत्या आणि पुढे रात्री क्लबात जॅझ वाजवू लागल्या. १९५७ साली अशाच एका क्लबात निर्माते बम्प्स ब्लॅकवेल यांनी त्यांना ऐकलं आणि गायक सॅम कूक यांच्या रेकॉर्डिंगला बोलावलं. तिथून पुढे त्या स्टुडिओत गिटार वाजवत राहिल्या. १९६३ साली कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत एका सेशनला बेसवादक आलाच नाही, आणि बेस यांच्या हातात आला.

ही गोष्ट सगळे नशिबाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. त्या दिवशी त्यांच्या गाठीला सहा वर्षांचं स्टुडिओचं काम होतं, त्याआधीचं जॅझ होतं, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) अंगात मुरलेले होते आणि समोर ठेवलेला स्वरलिपीचा कागद पहिल्याच नजरेत वाचता येत होता. बेसवादक न येण्याचे प्रसंग आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रातही होतात. त्या वेळी हात वर करणारा माणूस तयार असतो का, एवढंच बघायचं.

त्यांच्या वाजवण्यातल्या दोन गोष्टी तुम्ही आजच करून बघू शकता. त्या बोटांऐवजी पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने वाजवत आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, तारांवर फेल्टचा (जाड लोकरी कापडाचा) तुकडा दाबून ठेवत. बेसच्या सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेची कंपनं सेकंदाला ४१च्या आसपास असतात. तेवढा खालचा सूर तेव्हाच्या छोट्या रेडिओतून नीट निघत नसे आणि आजच्या मोबाइलच्या स्पीकरमधूनही निघत नाही. कानाला कळतात ते त्या सुराचे वरचे अंश. पिकमुळे ते वरचे अंश उठून येतात. फेल्टमुळे सूर लवकर विझतो आणि ड्रमच्या किकमध्ये (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये) मिसळून गढूळ होत नाही. ऐकणारा गाणं कशावर ऐकणार आहे याचा विचार वादकाने स्वतःच्या हाताने केला, म्हणून रेकॉर्डिस्टचं काम निम्मं झालं. असा वादक पुन्हा बोलावला जाणारच.

आणखी एक गोष्ट शिकण्याबद्दलची. १९६९ साली त्यांनी इलेक्ट्रिक बेस शिकवणारं पुस्तक काढलं आणि पुढे आयुष्यभर शिकवलं. त्यांचा भर कायम कॉर्डच्या सुरांवर राहिला. नुसते स्केल (सुरांची चढती-उतरती रांग) वर-खाली घोटण्याला त्यांचा विरोध होता. मला हे शंभर टक्के पटतं. गाण्यात बेसचं काम कॉर्ड कुठला आहे आणि पुढे कुठे चाललाय हे सांगायचं. स्केल घोटलेल्या मुलाचा हात पळतो, पण गाणं कुठे वळतंय ते त्याला कळत नाही. 'मिशन: इम्पॉसिबल' या अमेरिकन टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत ऐका, त्यातला बेस त्यांचा आहे. पाच मात्रांचा ठेका, आणि तरी चाल कुठेही अडखळत नाही.

आता दुसरं नाव, अमेरिकेतलेच बेसवादक जेम्स जेमरसन. हे माझे अधिक लाडके, कारण हेही समुद्राकाठचे. साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर १९३६ साली जन्म, नंतर आईबरोबर डेट्रॉइटला. तिथे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या घरासारख्या स्टुडिओत साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांना त्यांचा बेस आहे. उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट वापरत. तारा जाड आणि सपाट गुंडाळीच्या, त्यांना फ्लॅटवाउंड म्हणतात. त्या तुटल्याशिवाय बदलत नसत, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. त्यांचा बेस गायकाच्या खालून स्वतंत्र चालीने चालतो आणि तरी गायकाच्या पायात येत नाही. हे करणं किती अवघड आहे ते वाजवायला बसल्यावरच समजतं.

आणि या माणसाचं नाव कितीतरी वर्षं रेकॉर्डच्या कव्हरवर नव्हतं. १९७१ साली गायक मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' अल्बमवर ते पहिल्यांदा ठळकपणे छापलं गेलं. पुढे कंपनी लॉस एंजेलिसला गेली, त्यांच्या मागोमाग हेही गेले, पण तिथे पूर्वीसारखं जमलं नाही. दारूने शरीर पोखरलं होतं. १९८३ साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव आलं, ते बघायला ते नव्हते. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. आपल्या धंद्यात प्रसिद्धी आणि काम यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. आमच्याकडे एका कार्यक्रमानंतर शेजारच्या काकींनी माझ्या भावाला विचारलं होतं, "तो मागे उभो ऱ्हवान काय वाजयता?" त्या प्रश्नाने ज्याला रात्रभर झोप येणार नाही, त्याने लीड गिटार घ्यावी.

अमेरिकन बेसवादक लेलँड स्क्लार यांचा एक किस्सा मला फार आवडतो. दोन हजारांहून जास्त अल्बमवर त्यांचा बेस आहे. त्यांच्या बेसवर एक बटण आहे, ते कशालाच जोडलेलं नाही. निर्माता म्हणाला, जरा वेगळा आवाज हवा, की ते त्याला दिसेल असं बटण दाबतात, हात किंचित सरकवतात आणि पुन्हा वाजवतात. निर्माता खूश होतो. समोरच्याला आपलं ऐकलं जातंय असं वाटणं हा स्टुडिओतल्या कामाचाच भाग आहे. वाद घालून जिंकलेला वादक पुढच्या वेळी यादीत नसतो.

आपल्याकडे या. मुंबईच्या सिनेमासंगीतात गोव्याचे वादक एवढ्या संख्येने का होते? पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. स्टुडिओत शंभर माणसं बसवून गाणं ध्वनिमुद्रित करायचं, तर कागद वाचणारी माणसं हवीत. ती गोव्याकडून आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते बांधणारे) सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. बेसपुरतं बोलायचं तर राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ. सत्तरच्या दशकातली बर्मनांची गाणी हेडफोन लावून फक्त बेसकडे कान ठेवून ऐका, तुमचं अर्धं शिक्षण तिथेच होईल. यातल्या बहुतेकांची नावं रेकॉर्डवर नव्हती. वादकांना शिफ्टचे पैसे मिळत, आणि गाणं पुढे कितीही चाललं तरी बाकी काही मिळत नसे.

मग कीबोर्ड आणि कॉम्प्युटर आले. नव्वदच्या दशकात प्रोग्रॅमिंगने, म्हणजे कॉम्प्युटरवर वाद्यांचे आवाज बांधण्याने, शिफ्टच्या शिफ्ट बंद पाडल्या. आमच्या पिढीतल्या अनेकांनी तेव्हा वाद्य गुंडाळून ठेवलं. कोकणातल्या ऑर्केस्ट्रात तर आजही बऱ्याचदा कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस वाजवतो आणि बेंजो पार्टीत खालचा सूर ढोल आणि ड्रमवर भागवतात. म्हणून गावात कुणी बेसवाला शोधत येईल ही आशा धरू नका.

पण शिकायला कोकणासारखी जागा नाही, हे मी ठामपणे म्हणेन. जत्रेत दशावतार बघायला बसाल तेव्हा राजाकडे न बघता पेटीवाल्याकडे बघा. नाटकाची संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचलेले. नट कुठल्या पट्टीत पद उचलेल ते पेटीवाल्याला आधी कळत नाही. तो नटाच्या तोंडाकडे आणि श्वासाकडे बघत बसलेला असतो. नट थांबला की सूर धरून ठेवतो, नट उसळला की मागून ढकलतो. पहाटेपर्यंत हेच. बेसवादकाने गायकाच्या मागे हेच करायचं असतं. मी स्टुडिओत गेलो तेव्हा कागद वाचणं मला मुंबईत शिकावं लागलं, पण समोरच्याकडे लक्ष ठेवून वाजवणं मी घराजवळच्या देवळात ऐकून शिकलो होतो.

आता तुमच्यासाठी. पूर्वी या कामासाठी कोकणकन्या पकडून मुंबई गाठावी लागे. आज मुंबई-पुण्यातला संगीतकार गाणं कॉम्प्युटरवर बांधतो, त्यात बेसही प्रोग्रॅम केलेला असतो, आणि शेवटी त्याला वाटतं की इथे खरा बेस हवा. तो फाइल पाठवतो, तुम्ही मालवणात वाजवून परत पाठवता. यासाठी बरा बेस, साधा ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी), हेडफोन आणि चालणारं इंटरनेट लागतं. बेसला शांत खोलीही फारशी लागत नाही, थेट केबलने जातो. पावसाचा आवाज त्यात येत नाही, ही आपल्याकडे मोठी सोय.

काम पाठवताना शिस्त पाळा. फाइल गाण्याच्या अगदी पहिल्या ठोक्यापासून सुरू करायची, म्हणजे समोरच्याला ती शोधत बसून जुळवावी लागत नाही. संगीतकाराने दिलेल्या सॅम्पल रेटमध्येच (आवाज सेकंदाला किती वेळा मोजून साठवायचा त्या दरातच) द्यायची, बहुधा ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. इफेक्ट न लावलेला कोरा ट्रॅक द्यायचाच, हवा तर इफेक्ट लावलेला सोबत द्यायचा. मी नेहमी दोन टेक, म्हणजे दोनदा वाजवलेलं, पाठवतो, एक अगदी साधा आणि एक थोडा मोकळा. बहुतेक वेळा साधाच वापरला जातो. आणि सांगितलेल्या दिवशी पाठवायची. गणपतीच्या तोंडावर गाणी करणाऱ्यांना तारीख पुढे ढकलता येत नाही. तेव्हा जो वेळेवर देतो, त्याच्याकडे शिमग्याचं कामही येतं.

खाऱ्या हवेचं लक्षात ठेवा. साध्या तारा आपल्याकडे फार लवकर गंजतात आणि आवाज मरतो. फ्लॅटवाउंड तारा घ्या, महाग पडतात पण वर्षानुवर्षं टिकतात आणि स्टुडिओत त्यांचा आवाज बहुतेक गाण्यांना चालतो. पावसाळ्यात दमटपणाने बेसची मान वाकते, तारा उंचावतात. तेव्हा ट्रस रॉड (मानेतली ती सरळ करायची सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसून बेस केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. विजा चमकायला लागल्या की सगळे प्लग काढायचे.

पैशाचं स्पष्ट सांगतो: सुरुवातीची काही वर्षं नुसत्या सेशनवर घर चालणार नाही. ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या सोडू नका, शिकवण्या घ्या. कॅरोल के यांनीही शिकवणं कधी सोडलं नाही. फाइल पाठवण्याआधी किती दुरुस्त्या त्याच पैशात करून देणार ते ठरवा, नवीन माणूस असेल तर अर्धी रक्कम आधी घ्या. आणि नाव मागा. गाणं ऑनलाइन चढवताना वादकांची नावं भरायची सोय असते, फक्त कुणी आठवण करून देत नाही म्हणून ती रकान्यात जात नाहीत. काम ठरतानाच एका ओळीत लिहून ठेवा: बेस, पुढे तुमचं नाव. यात संकोच करायचं काहीच कारण नाही. २०२५ साली त्याच रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने कॅरोल के यांची निवड केली, तेव्हा त्यांनी नव्वदाव्या वर्षी नकार दिला. स्टुडिओत वादक मिळून जे काम करतात ते या सन्मानात दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. अनेकांना तो हट्ट वाटला. मला त्यात सोबत वाजवणाऱ्यांबद्दलचा आदर दिसला.

तुम्ही वाजवलेलं एखादं गाणं इथे उत्तराखाली टाका. फक्त बेस नको, गायक आणि ड्रमसकट पूर्ण गाणं टाका, आणि कॉर्ड लिहून द्या. ऐकून काय बदलायचं ते सविस्तर लिहीन.