लॅब नसताना रागाचा पैशाच्या निर्णयावरचा परिणाम वर्गातच तपासता येईल का?

हो, येईल. तुम्ही लिहिलंय की बडोद्यात एम.ए. अर्थशास्त्राचा प्रबंध करताय, विषय राग आणि आर्थिक निर्णय, लॅब नाही आणि सर म्हणतात प्रश्नावली भरून घ्या. सरांचं एवढं ऐकू नका. कागदावर विचारलं की सगळेच समंजस होतात. हातात येणारे पैसे सोडायचे म्हटलं की खरं काय ते कळतं.

तुम्हाला हवा तो अल्टिमेटम गेम. ग्यूट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेला. एकाला रक्कम मिळते, तो दुसऱ्याला वाटणी सुचवतो. दुसऱ्याने होकार दिला तर तशी वाटणी, नकार दिला तर दोघांनाही शून्य. हिशेबाने रुपयाही नाकारायला नको, पण शंभरातले वीस कुणी पुढे केले तर बरेच जण ते लाथाडतात.

चिडूनच लाथाडतात कशावरून? इथे मला शाओ आणि हाउझर यांचा २००५ चा प्रयोग फार आवडतो. त्यांनी काही जणांना निर्णयाबरोबर समोरच्याला दोन ओळी लिहायची मुभा दिली. तेवढ्याने तुटपुंज्या वाटणीला येणारे नकार जवळपास निम्म्यावर आले. जे स्वतःचे पैसे घालवून ऐकवायचं होतं ते शब्दांत ऐकवता आलं! हाच प्रयोग करा. दोन खोल्या, बंद पाकिटं आणि क्रमांकाच्या चिठ्ठ्या पुरतात. अर्ध्या जोड्यांना लिहायची मुभा, अर्ध्यांना नाही. बाकी कशातही फरक नको.

खरी अडचण पुढे आहे. वाटणी करणारे बहुतेक जण चाळीस-पन्नास टक्के देऊन मोकळे होतात, मग राग यावा असे प्रस्तावच हाती लागत नाहीत. खोटे प्रस्ताव पाठवायचा मोह होईल. मानसशास्त्रात ते कधीकधी चालतं, अर्थशास्त्रात नाही, आणि कॅन्टीनमध्ये एकदा बातमी फुटली की पुढच्या तुकडीत तुमच्या पाकिटावर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा पर्यायच दोन ठेवा: दहातले आठ स्वतःला की दोन. फाल्क, फेर आणि फिशबाखर यांच्या २००३ च्या प्रयोगात असा पेच टाकल्यावर बहुतेकांनी आठ स्वतःकडे ठेवले. त्यांच्याच प्रयोगात दुसरा पर्याय पाच-पाच असताना आठ-दोनला ४४ टक्के नकार मिळाले, दोन-आठ असताना २७. रक्कम तीच, पण समोरच्याला आणखी काय करता आलं असतं यावर नकार ठरतो. म्हणजे या मांडणीत प्रस्ताव भरपूर मिळतील, पण राग जरा सौम्य. ही किंमत मोजावीच लागेल, आणि जोड्याही जास्त लागतील.

‘कमीत कमी किती दिले तर घ्याल?’ असं आधीच लिहून घेण्याची पद्धत स्वस्त पडते, पण राग तपासायचा तर ती टाळा. प्रस्ताव हातात पडायच्या आधीचा राग कल्पनेतला असतो.

पैसे खरे द्या. रक्कम प्लेटभर सेव-उसळीपेक्षा थोडी जास्त असली तरी चालेल. तेही परवडत नसेल तर शेवटी चिठ्ठ्या टाकून काही जोड्यांनाच पैसे द्या, मात्र हे सुरुवातीलाच सांगा. पण छोट्या रकमेवरून काढलेले निष्कर्ष मोठ्या रकमांपर्यंत फार ताणू नका. ईशान्य भारतातल्या खेड्यांत अँडरसन आणि सहकाऱ्यांनी रक्कम वीस रुपयांपासून वीस हजारांपर्यंत नेली, आणि ती वाढली तसे नकार घटत गेले.

नावं, आडनावं कुठेच दिसू देऊ नका. आपल्याकडे आडनाव कळलं की माणूस मराठी की गुजराती, कुठल्या जातीचा, सगळं कळतं आणि तुमचा प्रयोग भलत्याच गोष्टीचा होतो. सूचना दोन्ही भाषांत छापा आणि एकाच माणसाने वाचून दाखवा. जिवलग मित्र एकाच जोडीत नकोत.

लिहिलेल्या ओळींची वर्गवारी स्वतः करू नका. कुणी होकार दिला, कुणी नकार, हे ठाऊक नसलेल्या दोघांकडून ती वेगवेगळी करून घ्या आणि दोघांचं किती जुळतं ते प्रबंधात द्या. शिव्या आल्या तर खोडू नका, तोही डेटाच आहे.