जवळपासच्या भटकंतीतली छायाचित्रे एकसारखी येत असतील, तर जागेआधी वेळ बदलून पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन आपण घराच्या आसपास फिरता, पण तेच रस्ते, तोच बाजार आणि तेच तळे वारंवार समोर येत असल्यामुळे छायाचित्रे एकसारखी वाटू लागली आहेत, गटाबरोबर फोटोवॉकला, म्हणजे चालता चालता छायाचित्रे घेण्याच्या सामूहिक फेरीला गेले, तर परतल्यावर सर्वांच्या कार्डांत जवळजवळ तीच चित्रे सापडतात, आणि म्हणून आता दूरचे प्रवास सुरू करावेत की नवी लेन्स घ्यावी, अशा विचारात आपण आहात. या दोन्ही उपायांची घाई करू नये असे माझे मत आहे, परंतु नुसते नको म्हणून भागणार नाही, म्हणून त्याऐवजी काय करता येईल ते जरा विस्ताराने लिहितो.

आपल्या वर्णनावरून मला असे दिसते की परिसर संपलेला नाही. संपली आहे ती आपली ठरलेली वेळ. आपण दर वेळी साधारण त्याच सुमारास बाहेर पडता, बहुधा त्याच टोकाकडून चालायला सुरुवात करता आणि त्यामुळे प्रत्येक भिंत, प्रत्येक वळण आपल्याला एकाच उजेडात आणि एकाच बाजूने भेटते. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. तो क्षितिजापासून पंचेचाळीस अंशांवर असताना माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी असते, आणि तोच सहा अंशांवर उतरला की सावली उंचीच्या साडेनऊ पट होते. म्हणजे ज्या चौकात दुपारी सावलीला जागाच नव्हती, तिथे संध्याकाळी सावल्याच मुख्य विषय होऊन बसतात. जागा तीच, पण चित्रासाठी ती निराळीच जागा असते.

एखादी साधी, गिलावा केलेली भिंत घ्या. ऊन तिच्यावर समोरून पडत असताना ती सपाट आणि कंटाळवाणी दिसते, आणि आपण तिच्यासमोरून न थांबता निघून जातो. ऊन भिंतीला जवळजवळ समांतर होऊ लागले की मात्र थापीचे फटकारे, रंगाचे पोपडे आणि कधीकाळी निघालेल्या पाटीची भोके एकेक करून उठून दिसू लागतात, आणि भिंतीत राहून गेलेल्या खिळ्याची सावली खिळ्याच्या कितीतरी पट लांब होते. ही अवस्था फार वेळ टिकत नाही. थोड्याच वेळात उन्हाचा कोन बदलतो किंवा शेजारच्या इमारतीची सावली येऊन सगळे झाकून टाकते. भर दुपारचा उजेड छायाचित्रणाला निरुपयोगी असतो, असे जे सरसकट सांगितले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. सूर्य डोक्यावर असताना जमिनीवरचे विषय आणि माणसांचे चेहरे बिघडतात हे खरे, परंतु उभ्या भिंतींना तोच उजेड वरून खाली घासून जातो आणि सज्जांच्या, पाट्यांवरच्या उठावदार अक्षरांच्या, खिडक्यांच्या गजांच्या लांब सावल्या त्या वेळी भिंतीवर खाली उतरतात. दुपारी नजर जमिनीकडे न ठेवता वरच्या मजल्यांकडे ठेवावी, एवढेच.

सूर्यास्तापूर्वीच्या सोनेरी उजेडाबद्दलही थोडे स्पष्ट सांगायला हवे, कारण त्याला सर्रास एक तास म्हटले जाते आणि नवखे लोक त्या भरवशावर फिरत राहतात. विषुववृत्तालगत, मार्च किंवा सप्टेंबरच्या संपाताच्या, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या सुमारास, सूर्याला सहा अंशांवरून क्षितिजापर्यंत उतरायला सुमारे चोवीस मिनिटे लागतात. साठ अक्षांशांवर त्याच काळात जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो. आपण कुठेही राहत असलात, तरी हा वेळ जागा शोधण्यात घालवण्याइतका मोठा नसतो. जागा आधीच हेरून ठेवावी आणि ऊन तिथे पोहोचण्यापूर्वी आपण तिथे उभे असावे. त्यानंतरची दिवेलागणीची वेळ, म्हणजे आकाशात अजून निळाई शिल्लक असताना दिवे लागतात ती, याहूनही अल्प असते. तिच्यासाठी एकच चौकट ठरवून ठेवणे उत्तम.

वेळेबरोबर ऋतूचाही हिशेब ठेवावा. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो फक्त संपाताच्या दिवसांच्या आसपास. एरवी तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यात वर्षातून दोनदा सूर्य अगदी रस्त्याच्या टोकाशी उगवतो, आणि तिरक्या रस्त्यांपैकी अनेकांचे असे दिवस वेगळे असतात. एका लहान वहीत रस्त्याची दिशा, तारीख, वेळ आणि ऊन कुठवर आले होते, एवढेच टिपून ठेवायची सवय लावली, तर पुढच्या वर्षी ती वही कोणत्याही अ‍ॅपपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण समोरच्या इमारतीमुळे ऊन किती वाजता अडते हे त्या अ‍ॅपला सहसा ठाऊक नसते.

एकाच परिसरात वर्षानुवर्षे काम करणे ही काही नाइलाजाची गोष्ट नाही. फ्रेंच छायाचित्रकार यूजीन अत्जे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७ साली निधन होईपर्यंत मुख्यतः पॅरिस आणि त्याच्या आसपासचा भाग टिपला. अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या काचपट्ट्या लागणारा जड लाकडी कॅमेरा वाहून नेत ते पॅरिसजवळच्या सँ-क्लूच्या उद्यानात १९०४ पासून वारंवार गेले, आणि तीच झाडे, तेच पाणी निरनिराळ्या ऋतूंत व निरनिराळ्या उजेडात टिपत राहिले. अमेरिकन छायाचित्रकार सॉल लायटर १९५२ पासून २०१३ साली निधन होईपर्यंत न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात एकाच इमारतीत राहिले आणि त्यांची बरीच गाजलेली चित्रे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची आहेत : वाफ धरलेल्या काचा, छत्र्या, बर्फ, दुकानाच्या दारात अर्धवट दिसणारी माणसे. त्यांच्या चित्रांत कोणता रस्ता आहे, हा प्रश्न बहुधा कोणालाच पडत नाही.

आता नियोजनाकडे वळू. अर्ध्या तासात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालता येईल एवढाच भाग निवडा आणि काही महिने तोच धरून ठेवा. प्रत्येक वेळी निघताना मनात एकच शोध असावा, आणि तो डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचा असावा. 'एकटेपणा' किंवा 'काळाचा ओघ' असले विषय घेऊन बाहेर पडणाऱ्यांची चित्रे मला बहुतेक वेळा ओढूनताणून केलेली वाटतात. उलट समोरच्या काचेवरून परावर्तित होऊन सावलीच्या बाजूला पडणारे उन्हाचे चौकोन, किंवा काम करणारे हात, किंवा उंबरठ्यावर उभी असलेली माणसे, असा साधा शोध घेतला की नजर लवकर कामाला लागते. परावर्तित उन्हाचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण ते बहुतेकांच्या नजरेतून निसटते. रस्त्याची एक बाजू पूर्ण सावलीत असताना समोरच्या खिडक्यांवरून आलेला उजेड तिथे मऊसर ठिपक्यांसारखा पडतो, सावलीतल्या निळसर छटेशेजारी तो अधिकच उबदार दिसतो, आणि त्या ठिपक्यातून जाणारा माणूस क्षणभर जणू रंगमंचावर येतो.

अशा जागी माणसांच्या मागे धावण्यापेक्षा पार्श्वभूमी आधी पक्की करून थांबून राहणे केव्हाही चांगले. चौकट लावा, कडांवर काय येते आहे ते तपासा, आणि मग कोणीतरी योग्य ठिकाणी येईपर्यंत वाट पाहा. कॅमेऱ्याचे काम या वेळी शक्य तितके आधीच उरकलेले असावे. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा) ठेवून फोकस हाताने तीन मीटरवर लावला, तर सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सर्व पुरेसे सुस्पष्ट येते, आणि ऑटोफोकसची वाट पाहावी लागत नाही. शटरचा वेग सेकंदाच्या २५० व्या भागापेक्षा कमी होऊ देऊ नये. माणूस जवळून आडवा जात असेल तर ५०० वा भाग बरा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ऑटोवर सोडावी. तिरप्या उन्हात कॅमेऱ्याचा मीटर सावल्या उजळण्याच्या नादात उजळ भाग जाळून टाकतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी ठेवावे; रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असल्यास सावल्यांतला तपशील नंतर बऱ्यापैकी परत आणता येतो, पण एकदा पांढरा पडलेला भाग परत येत नाही.

अनोळखी माणसांविषयी एवढेच सांगतो की सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्याचे आणि ते प्रसिद्ध करण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते आपल्या ठिकाणचे पाहून घ्यावेत. आणि नियम काहीही असला, तरी समोरच्याने हाताने नको म्हटले की कॅमेरा खाली घ्यावा. मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलूच नये. छायाचित्र पाठवतो असे कोणाला सांगितले असेल, तर ते न चुकता पाठवावे. त्याच गल्लीत आपल्याला पुन्हा जायचे असते.

गटाच्या फोटोवॉकविषयीची आपली तक्रार रास्त आहे, मात्र ती गटाकडून चुकीची अपेक्षा ठेवल्यामुळे निर्माण होते. दहा-पंधरा जण एकत्र चालू लागले की पहिल्याने कॅमेरा उचलला तिथेच बाकीचे थांबतात, आणि दारात निवांत बसलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थासमोर लेन्सांचे कोंडाळे उभे राहते. त्यात त्या गृहस्थाचा संकोच होतो, चित्रही कोणाचेच धड होत नाही, कारण त्याची नजर या गर्दीकडे लागलेली असते. चांगली चित्रे मिळवायला एकटे किंवा फार तर एका सोबत्याबरोबर जावे. गटात जावे ते इतरांची नजर पाहायला. त्यासाठी गट पाच-सहा जणांचा असावा, सर्वांना एकच छोटा भाग आणि एक तास द्यावा, प्रत्येकाने वेगळ्या दिशेने निघावे आणि तासाभराने ठरलेल्या जागी जमून, काहीही संस्करण न करता, प्रत्येकी पाच चित्रे दाखवावीत. चित्र काढणाऱ्याने आधी काही बोलू नये. पाहणाऱ्यांनी आपल्याला काय दिसते ते सांगावे, छान किंवा वाईट असा शेरा मारू नये. ज्या जिन्याकडे आपण ढुंकूनही पाहिले नाही, त्याच्या कठड्यावर कोणीतरी तासभर काम केलेले पाहिले, की आपल्या पाहण्यातल्या फटी ज्या नेमकेपणाने कळतात, तशा त्या कोणत्याही व्याख्यानाने कळत नाहीत. प्रवासी बसमधून पन्नास जणांना उतरवून केलेल्या सहलींत गप्पा उत्तम होतात, ओळखी होतात, आणि त्यालाही माझी हरकत नाही. फक्त त्याला छायाचित्रणाचा अभ्यास म्हणू नये.

निवडीबद्दल आपण काही विचारलेले नाही, पण एकसारखेपणाच्या तक्रारीचे अर्धे मूळ मला तिथेच दिसते. परत आल्या आल्या, त्याच रात्री चित्रे निवडून मोकळे होणारे लोक चित्राला नव्हे, तर ते काढताना झालेल्या आनंदाला गुण देतात. गॅरी विनोग्रँड हे न्यूयॉर्कचे रस्त्यांवरचे छायाचित्रकार या कारणासाठी फिल्म मुद्दाम दीर्घ काळ धुवायची ठेवत. १९८४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले होते. इतक्या टोकाला जायचे कारण नाही, परंतु आठवडा-दोन आठवडे चित्रे न उघडता ठेवणे कोणालाही जमण्यासारखे आहे. मग ती प्रथम लहान आकारातच पाहावीत, कारण अंगठ्याएवढ्या चित्रात तपशील दिसत नाही आणि मांडणी तेवढी दिसते. ज्याची मांडणी त्या आकारात उभी राहत नाही, ते मोठे करूनही सहसा सुधारत नाही. निवडलेल्यांचे स्वस्तातले छोटे प्रिंट काढून टेबलावर पसरावेत. तिथे आपल्याला लगेच दिसेल की सगळी चित्रे डोळ्यांच्या उंचीवरून आणि सारख्याच अंतरावरून घेतलेली आहेत, किंवा सगळ्यांत विषय बरोबर मध्यभागी आहे, आणि पुढच्या वेळी बाहेर पडताना काय टाळायचे ते त्या टेबलावरच ठरेल.

राहता राहिला लेन्सचा प्रश्न. भटकंतीसाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरच हवी, हा आग्रह मला मान्य नाही. वर उल्लेख केलेले लायटर अनेकदा लांब पल्ल्याच्या लेन्स वापरत, आणि त्यांच्या चित्रांतला दाटपणा काही अंशी त्यामुळेच आहे. तेव्हा निर्णय मतांवर न सोडता आपल्याच फाइलींवर सोडा. प्रत्येक फाइलीत फोकल लेंग्थची, म्हणजे लेन्स किती मिलिमीटरवर होती याची, नोंद असते आणि निवडीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्यानुसार चित्रे गाळून पाहता येतात. सगळी चित्रे न पाहता फक्त पसंत पडलेली पाहा. त्यांतली बहुसंख्य आपल्या झूमच्या लांब टोकाशी असतील आणि त्यावरही आपण बाजू कापून विषय मोठा केला असेल, तर अधिक लांब लेन्स घेण्यास खरे कारण आहे. ती आखूड टोकाशी गर्दी करून असतील आणि आपण वारंवार मागे सरकून भिंतीला टेकत असाल, तर रुंद लेन्सचा विचार करा. ती मधल्या पट्ट्यात विखुरलेली असतील, तर आहे तो झूम ३५ किंवा ५० वर ठेवून वर्षभर फिरा, आणि लेन्सचा विषय पुढच्या वर्षी त्याच नोंदी पाहून पुन्हा काढा.