20 लाख येतील तेव्हा येतील, आधी 34 हजार भरा

प्रश्न, थोडक्यात: वय 51, नाशिक, खासगी नोकरी. 14 महिन्यांपूर्वी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवले, 1 लाख 40 हजार, 18 महिन्यांच्या ईएमआयवर. तेव्हापासून डावीकडचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे, जेवताना ओठाला शीत चिकटलं तरी कळत नाही, बायको खूण करून सांगते. वकील म्हणतात 20 लाख सहज मिळतील, आधी 60 हजार फी, 8 हजार कोर्ट फी, आणि मिळेल त्यातले 15 टक्के. दबाव यावा म्हणून ईएमआय थांबवायला सांगितले, दोन हप्ते थांबवले. मेडिक्लेमने दाताचा क्लेम नाकारला म्हणून यंदा 34 हजारांचा हप्ता भरला नाही, बायकोला शुगर आहे. 3 लाखांची एफडी मोडायला बँकेत गेलो तर मॅडमनी समजावलं की मेडिक्लेमचे पैसे बुडतात, त्यापेक्षा गॅरंटीड प्लॅन घ्या, वर्षाला 50 हजार, तो घेतला. एफडी मोडून केस करू का? आणि 20 लाख आले की मुलीच्या लग्नापर्यंत कुठे ठेवू?

उत्तर: भाऊ, तुम्ही विचारलं ओठाचं, पण माझी नजर अडकली मेडिक्लेमच्या त्या एका ओळीवर. रिन्यूअलची तारीख उलटून 19 दिवस झालेत असं तुम्ही खाली लिहिलंय, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी मेल केली, इथे बाकीच्यांसाठी परत लिहितो. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांचा ग्रेस पिरियड असतो. त्यात भरलं तर 9 वर्षांची जुनी पॉलिसी तशीच पुढे चालते, फक्त मधल्या न भरलेल्या दिवसांत काही झालं तर क्लेम नाही. 31व्या दिवशी गेलात की नवीन पॉलिसी, नवीन तपासण्या, वहिनींच्या शुगरमुळे होणाऱ्या आजारांना 3 वर्षांपर्यंत वेटिंग म्हणजे क्लेम नाही, आणि 51व्या वर्षी कंपनी देईल तो रेट. एक आयसीयूचं बिल आलं तर ती 3 लाखांची एफडी आठवडाभर पुरेल का? दाताचा क्लेम नाकारला याचा राग समजतो, पण अपघात सोडला तर साध्या मेडिक्लेममध्ये दात बहुतेक नसतातच हो, ते पॉलिसीत पहिल्यापासून लिहिलेलं असतं. त्या रागात अख्खी पॉलिसी सोडणं म्हणजे डास चावला म्हणून घर विकणं.

आता मॅडमचा गॅरंटीड प्लॅन. 50 हजार 10 वर्षं, म्हणजे 5 लाख भरायचे आणि 15व्या वर्षाअखेर 8.5 लाख. ऐकायला भारी वाटतं, हिशोब केला तर वर्षाला 5 टक्के पडतात, पीपीएफ सुद्धा 7.1 देतंय. आणि हे आरोग्य विम्याच्या बदल्यात विकलं, याला मी सल्ला म्हणत नाही. पॉलिसी हातात येऊन 12 दिवस झालेत ना, मग फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करायचे 30 दिवस अजून संपले नाहीत, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, स्टॅम्प ड्युटी वगैरे किरकोळ कापून पैसे परत येतात. मॅडम म्हणतील "सर एक वर्ष तरी ठेवा", ठेवू नका.

ईएमआय थांबवून क्लिनिकवर काडीचा दबाव येत नाही, त्यांना त्यांचे पैसे फायनान्स कंपनीने पहिल्या महिन्यातच दिलेत. खराब होतोय तो तुमचा सिबिल. दोन हप्ते म्हणजे साधारण 16 हजार आणि मेडिक्लेमचे 34, झाले 50. एवढ्यापुरती एफडी मोडा, फ्री लूकचे आले की परत भरा.

आता केस. करा, जरूर करा, पण 20 लाख डोक्यातून काढा. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय आणि घटनेपासून 2 वर्षांत तक्रार करावी लागते, म्हणजे तुमच्याकडे 10 महिने आहेत, घाई नाही पण झोपूही नका. खालच्या जबड्यातली नस दुखावणं हा इम्प्लांटचा माहितीतला धोका आहे, त्यामुळे नुसता ओठ बधिर झाला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. आधी थ्रीडी स्कॅन काढला होता का? संमतीपत्रात नसेचा धोका लिहिला होता का, आणि तुम्हाला कळेल अशा भाषेत? दुसऱ्याच दिवशी तुम्ही व्हॉट्सअॅपवर सांगितलं आणि तीन महिने "होईल हळूहळू" एवढंच उत्तर आलं, सर्जनकडे पाठवलंच नाही, मला तरी तुमची बाजू इथे सगळ्यात भक्कम दिसते. ते चॅट आजच सेव्ह करा, क्लिनिककडे रेकॉर्ड आणि स्कॅनची कॉपी लेखी मागा, आणि सरकारी डेंटल कॉलेजातल्या ओरल सर्जनचं लेखी मत मिळतंय का बघा, त्याशिवाय केस लंगडी पडते.

खर्च झालेले 1.4 लाख, तपासण्या-औषधं 35 हजार, इम्प्लांट काढून परत काम करायचे 90 हजार, झाले 2.65 लाख. त्रासाचे वर दोनेक लाख धरा. म्हणजे जिंकलात तर साडेचार-पाच लाख, तेही तीन-चार वर्षांनी, आणि समोरचा राज्य ग्राहक आयोगात अपिलात गेला तर आणखी पुढे (अपिलाला त्याला निम्मी रक्कम भरावी लागते, एवढाच दिलासा). जिंकायची शक्यता निम्मी धरली तर आज हातात दोन लाखांच्या आसपास किंमत, त्यासाठी 68 हजार आधीच घालवायचे? आणि गंमत बघा, जिल्हा ग्राहक आयोगात फी ठरते तुम्ही क्लिनिकला मोजलेल्या रकमेवर, 5 लाखांपर्यंत ती शून्य आहे. मग ते 8 हजार कसले? निकालावर टक्का घेणं तर वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानेच मना आहे. वकील बदला. हवं तर तक्रार स्वतःही दाखल करता येते, ऑनलाइन, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. मीडिएशनला, म्हणजे तडजोडीला पाठवलं तर जा, क्लिनिकने अडीच-तीन लाख एकरकमी दिले तर मी असतो तर घेतले असते.

पोलिसात जायचा विचार तूर्त सोडा, डॉक्टरवर गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो. स्टेट डेंटल कौन्सिलकडे तक्रार करता येईल, ते डॉक्टरच्या रजिस्ट्रेशनवर कारवाई करू शकतात, तुम्हाला पैसे देत नाहीत.

मुलीच्या लग्नासाठी या केसमधला एक रुपयाही धरू नका. लग्न किती वर्षांनी, महिन्याला किती बाजूला पडतात, हे तुम्ही लिहिलंच नाही, ते कळवा. पण त्याआधी रिन्यूअलची पावती पाठवा.