तलावाचे पाइप तुंबले, एफडी मोडावी का?

तुमच्या पत्राचा सारांश असा: कर्जतच्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलच्या टाइल्स बदलताना ठेकेदाराने पाइपांची तोंडं बंद केली नाहीत. ग्राउट आणि सिमेंटचा राडा आत जाऊन घट्ट बसला. दुसरा माणूस डेक (पूलभोवतीची फरशी) फोडून नवी लाइन टाकायचे ३ लाख ४० हजार सांगतो. जुना ठेकेदार उरलेले ९० हजार मिळाल्याशिवाय यायला तयार नाही. तुम्ही ५ लाखांची एफडी मोडायला निघाला आहात.

एफडी मोडू नका. अडथळा नेमका कुठे आहे हे न पाहताच तो आकडा सांगितलेला आहे. आधी पाइपात कॅमेरा घालून पाहणी आणि प्रेशर टेस्ट करून घ्या, लेखी अहवाल मागा. राडा पहिल्याच बेंडमध्ये अडकला असेल तर तेवढा तुकडा कापून बदलता येतो. तोवर पंप बंद ठेवा. पाणी अडलेलं असताना तो चालवला तर सील जातं, आणि तो खर्च कुणावर टाकायचा हा नवा वाद उभा राहतो.

९० हजार देऊ नका, पण गप्पही बसू नका. पैसे का थांबवले ते लिहून कळवा, दुरुस्तीसाठी १५ दिवसांची मुदत द्या. फोडाफोडीआधी फोटो काढा, कापलेला पाइप जपून ठेवा.

शनिवार-रविवार बंगला भाड्याने देता हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा बसत नाही; स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीची सूट कायद्याच्या मजकुरात विकत घेतलेल्या वस्तूंपुरतीच लिहिली आहे. ठेकेदाराचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. तक्रारीची मुदत २ वर्षं आहे, म्हणून वकिलाला आत्ताच विचारा. ग्राहक आयोगाचा रस्ता बंद झाला तर दिवाणी दावा उरतो आणि त्याला वेळ लागतो. भरपाईचे पैसे हिशेबात धरूच नका.

खरंच मोठं काम निघालं तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून लागतील तसे पैसे उचला. व्याजदर साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो आणि वापरलेल्या रकमेवरच व्याज लागतं. थांबवलेले ९० हजार आधी वापरा, मग उरलेल्यापुरताच ओव्हरड्राफ्ट. मात्र पुढे तडजोडीत त्यातले काही द्यावे लागू शकतात, तेवढी तयारी ठेवा. पर्सनल लोन या कामासाठी नकोच.