सेमिनारला येताना सारांश आणू नकोस

चि. सौभाग्यकांक्षिणी वगैरे मायना तुला आवडणार नाही, म्हणून नुसतंच: प्रिय मुली,

सेमिनारमध्ये पेपर, म्हणजे दुसऱ्या कुणाचा शोधनिबंध, प्रेझेंट करायचा म्हणजे काय करायचं, असं विचारलंस. वीस स्लाइड करून लेखकाचंच म्हणणं आम्हाला पुन्हा ऐकवू नकोस, एवढं आधी सांगतो. पेपर सगळ्यांनी वाचलाय असं धरून चालायचं. (वाचलेला नसतो, पण तो त्यांचा प्रश्न.)

तुझा विषय जातिव्यवस्थेचा, तर एक सेमिनारचाच निबंध उघड. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, पंचविशीतल्या आंबेडकरांनी जातींच्या उगमावर तो वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. सुरुवातीलाच सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर अशा चौघा अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या आंबेडकर जशाच्या तशा समोर ठेवतात आणि मग एकेकाला हात घालतात. परजातीशी रोटीव्यवहार नसणं हे नेसफील्डचं लक्षण. आंबेडकर म्हणतात, हा जातीचा परिणाम आहे, तुम्ही त्याला कारण समजलात. केतकरांना ते आधी मोकळेपणाने श्रेय देतात. केतकर दोन लक्षणं सांगतात: जातीत जन्मलेल्यालाच जातीत जागा, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर दाखवतात की ही दोन वेगळी लक्षणं नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बेटीव्यवहार बंद केला की पहिली गोष्ट आपोआप होते. तिथून त्यांचा स्वतःचा मुद्दा सुरू होतो. हा भाग दोनदा वाच. दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडायचं आणि ते नेमकं कुठे कमी पडतं त्यावर बोट ठेवायचं, चर्चा म्हणतात ती हीच.

आपल्या वर्गात मात्र कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, सॅम्पल लहान आहे." बरं, मग? त्यामुळे कोणता निष्कर्ष कोसळतो, ते सांग. गिरगावातल्या चाळीस भाडेकरूंच्या मुलाखतींवरून मुंबईभरच्या पागडीचे (भाड्याच्या घराचा ताबा मिळवायला दिलेल्या एकरकमी पैशांचे) आकडे काढता येणार नाहीत, कबूल. पण घर दुसऱ्याच्या नावावर करताना घरमालकाशी घासाघीस कशी चालते, हे समजायला चाळीस पुरेत.

कधी वाचायचं? ठाणे ते कुर्ला लोकलमध्ये गोषवारा आणि शेवटचा भाग उरकून घे, गर्दीत तेवढंच होतं. पद्धतीचा भाग आणि तक्ते टेबलावर बसूनच वाच. तक्ता आधी स्वतः वाचायचा, त्यावरचं लेखकाचं भाष्य नंतर. तुला दिसलेलं आणि त्याने लिहिलेलं जुळलं नाही, तर सेमिनारचा विषय तिथेच मिळाला.

बुधवारी स्लाइड नकोत. प्रिंट आण, समासात पेन्सिलने लिहिलेली, आणि जिथे अडलीस त्या एका परिच्छेदाचा पान क्रमांक. केतकरांचं 1909 चं मूळ इंग्रजी पुस्तक कालिन्याच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मिळालं तर तेही घेऊन ये. व्याख्येच्या आगेमागे ते काय म्हणतात, ते ताडून बघू.

तुझा,
सर