आजीच्या पुस्तिकेबद्दल

वाशी, रविवार

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा मजकूर वाचला. पहिल्या ओळीत ‘त्यागमूर्ती’, तिसऱ्या ओळीत ‘मायेचा सागर’. दोन्ही पेन्सिलीने खोडलेत, रागावू नकोस. तुझी आजी आणि मी होस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं काढली, एकाच बादलीत युनिफॉर्मला नीळ घातली. सागरबिगर काही नव्हती ती. उसना दिलेला रुपया महिनाभर लक्षात ठेवायची.

१९८२ साली ती कुवेतला गेली तेव्हा तुझी आई पाच वर्षांची होती. ‘परिस्थितीमुळे जावं लागलं,’ असं तू लिहिलंयस. ते अर्धंच खरं आहे. आजोबांची कंपनी बंद पडलेली, डोक्यावर कर्ज, हे होतंच. पण तिला जायचंही होतं. इथे नाईटला अख्खा वॉर्ड एकटीच्या गळ्यात, सलाईन लावून वळेपर्यंत दुसऱ्या टोकाला हाक. तलावपाळीवर भेळ खाता खाता म्हणाली होती, “मला एकदा नीट नर्सिंग करून बघायचंय गं.” हे वाक्य पुस्तिकेत घाल. आईला कामाचीही हौस असू शकते, हे आपल्याकडे बाई गेल्यावरसुद्धा कुणी कबूल करत नाही.

तिने पाठवलेल्या कॅसेट नौपाड्याच्या घरी माळ्यावर असतील. लगेच टेपमध्ये घालू नकोस. ठाण्याच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी चढते. तशी दिसली तर जाणकाराकडूनच साफ करून घे. फीत नुसती सैल असेल तर पेन्सिल घालून हलकेच आवळ. नाईट संपवून, झोपायच्या आधी ती त्या भरायची. मागे एसीची घरघर आणि मध्येच जांभई. ती जांभई शब्दांत उतरव, मग ‘कष्टाळू’ लिहायची गरज पडणार नाही.

१९९० मात्र तू फारच उरकलंयस. ‘विमानाने सुखरूप परतली’ म्हणे! २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, बचत बँकेत अडकलेली. बसने बसरा, बगदाद, पुढे जॉर्डनच्या सीमेवरचं वाळवंट, तंबू, पाण्याची रांग. विमान मिळालं ते अम्मानहून. एअर इंडियाने १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर अशा ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून एक लाख अकरा हजारांवर माणसं मुंबईला आणली. हे आकडे दे, पण त्याला लागूनच तंबूतलं बाळंतपणही लिही. ते तिने केलं होतं, आणि मला सांगताना तक्रार एकच: “कात्री उकळायला पाणी नव्हतं.”

सहार विमानतळावर तुझ्या आईने तिला वाकून नमस्कार केला. पाहुण्यांना करतात तसा. तेरा वर्षांची पोर, तिचं तरी काय चुकलं? तंबूची गोष्ट आजीने मला एकदाच सांगितली. नमस्काराची चारदा.

आणि एक तू गाळलंयस, बहुधा आईला वाईट वाटेल म्हणून. कुवेत १९९१च्या फेब्रुवारीत मुक्त झालं आणि पुढच्याच वर्षी ही पुन्हा गेली. तेव्हा कर्ज फिटलेलं होतं. मी तिच्याशी भांडले, सहा महिने पत्र टाकलं नाही. आजही मला वाटतं, तेव्हा तिने थांबायला हवं होतं. माझं हे मत हवं तर छाप, पण ती गेली हे छापच.

आईला समोर बसवून मुलाखत घेऊ नकोस. ‘आता कशाला ते?’ म्हणून ती उठून जाईल. मेथी निवडायला सोबत बस, नमस्काराचा विषय काढ आणि गप्प राहा. जुडी संपायच्या आत काहीतरी बोलेल. नाही बोलली, तर तेवढी जागा कोरी ठेव.

कव्हरवर शालूतला फोटो नको. युनिफॉर्ममधला माझ्याकडे आहे. टोपी वाकडी आहे आणि मेट्रन ओरडायच्या आत हसू दाबतेय. पोस्टाने पाठवणार नाही, हरवेल. पुढच्या रविवारी ठाण्याहून वाशीची गाडी धर आणि आईलाही घेऊन ये. फोटो मी तिच्याच हातात देईन.

तुझी,
सिस्टरमावशी