प्रचाराला जाऊ की नको, विचारलंस म्हणून

पुता,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आमदारांच्या कार्यकर्त्या पोरांनी संध्याकाळच्या प्रचारफेरीला बोलावलंय, आई म्हणते जायलाच पाहिजे कारण आजीला रात्री बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायला त्यांनीच गाडी पाठवलेली, आणि तुझं मन मात्र दुसऱ्याच उमेदवाराकडे. वर लिहितोस की टीचर, आपल्याकडे सगळं ओळखीवर चालतं, विचार वगैरे काही नाहीच. हे शेवटचं आधी घेते, तुझा गुंता तिथेच आहे.

अरे ओळखीवर चालणारच ना. आपल्या गोव्यात विधानसभेचे 40 मतदारसंघ, एकेकात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार. महाराष्ट्रात एका मतदारसंघात लाखांनी मतदार असतात, तिथला आमदार बॅनरवरच बघायचा, आपला मात्र लग्नात आपल्या पंगतीला बसलेला असतो आणि आजीला नावाने हाक मारतो. 2022 ला फोंड्याचा निकाल 77 मतांनी लागला, सांत आंद्रेचा 76 मतांनी, आणि साखळीत खुद्द मुख्यमंत्री 666 मतांनी आले. 76 मतं म्हणजे किती रे, आपला वरचा वाडा एकटा भरून काढेल. म्हणून तर तुझ्यासारख्या एका पोरासाठी दोन माणसं दोनदा घरी येऊन जातात. तुला वाटतं की त्यांना तुझी काळजी आहे किंवा तुझ्यावर दबाव टाकायचाय, खरं म्हणजे दोन्ही थोडं थोडं आहे, पण मुख्य म्हणजे त्यांच्या हातात यादी आहे आणि यादीत तुमच्या घरापुढे काहीतरी खूण करायची राहिलीय.

ती यादी तू बघितली नसशील. बूथवरचा कार्यकर्ता मतदारयादीची झेरॉक्स घेऊन बसतो आणि एकेका नावापुढे टिक, फुली नाहीतर प्रश्नचिन्ह घालतो. टिकवाल्यांकडे मतदानाच्या दिवशी फक्त गाडी जाते, फुलीवाल्यांकडे कोणी फिरकत नाही, आणि प्रश्नचिन्हवाल्यांच्या घरी मात्र सगळे पक्ष चहाला. माझं आपलं मत असं की माणसाने शक्यतो प्रश्नचिन्ह राहावं, निदान नळाला पाणी यायला लागेपर्यंत तरी.

आता उपकाराचं. आई म्हणते ते उगाच नाही, रात्री गाडी आली म्हणून आजी आज अंगणात बसलीय. हे विसरू नको. पण त्यांनी केलेलं सगळं एकाच गाठोड्यात बांधू नको. गाडी त्यांची होती, पेट्रोल त्यांचं होतं, त्याबद्दल आभार मानायचे, त्यांच्या घरी कधी काही अडलं तर आपण धावायचं. पण गृहिणींना मिळणारे गृह आधार योजनेचे महिन्याचे पैसे, आजीची दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पेन्शन, वाड्यावरच्या रस्त्याचं हॉटमिक्स डांबर, हे कोणाच्या खिशातलं नाही. ते सरकारी तिजोरीतलं, म्हणजे तुझ्या बापाने दुचाकी घेताना भरलेल्या टॅक्समधलं पण. फॉर्म भरायला कोणी मदत केली असेल, त्याचं थँक्यू म्हण आणि विषय संपव. आपल्याकडे बायका सरळ म्हणतात की आम्हाला अमक्याने पैसे चालू केले, आणि अमका पण ते ऐकून गप्प बसतो, दुरुस्त करत नाही. इथे आपली माणसं फसतात, आणि त्यात न शिकलेलीच असतात असं नाही हां, माझ्या स्टाफरूममध्ये पण हेच ऐकलंय.

तेव्हा फेरीला जायचंय तर जा एक-दोन संध्याकाळी, आईचा मान राहील. नसेल जायचं तर अभ्यासाचं कारण सांगू नको, त्या पोरांना सगळं माहीत असतं. सरळ सांग की दादा, गाडीचे उपकार आयुष्यभर लक्षात ठेवीन पण झेंडा घेऊन फिरणार नाही. एवढं बोललास तर वाईट वाटून घेतील दोन दिवस, मग परत तिंट्यावर, आपल्या नाक्यावर, भेटून बोलतील. गोड बोलून टाळत बसलास की जास्त राग येतो.

तुझी खरी भीती वेगळी आहे ते कळतंय मला. मत कोणाला दिलं ते त्यांना कळेल का? मी इलेक्शन ड्युटी केलीय, अगदी कागदी मतपत्रिकांपासून ते मशीनपर्यंत, म्हणून सांगते. तू कुठलं बटण दाबलंस ते कोणालाही कळत नाही. मशीनला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या पेटीच्या, काचेत ती चिठ्ठी सात सेकंद दिसते ती फक्त तुला, मग कापून खालच्या पेटीत पडते. पण अर्धीच गोष्ट सांगून तुला गप्प बसवणार नाही. कुठल्या बूथवर कोणाला किती मतं पडली हा आकडा निकालानंतर उघड असतो, त्यामुळे तू एकटा कळत नाहीस पण आपला वाडा कळतो. 'त्या बूथवर आम्हाला मतं कमी पडली' म्हणून रस्त्याचं काम रखडवल्याच्या गोष्टी तिंट्यावर ऐकशील, खऱ्या किती आणि घाबरवायला सोडलेल्या किती हा भाग वेगळा. म्हणूनच लोक इथे तोंड उघडत नाहीत, सगळ्यांना हो म्हणतात. बाहेरून आलेला पत्रकार विचारतो तेव्हा पण हो म्हणतात आणि मग एक्झिट पोल आपटतो. तू याला ढोंग म्हणालास मागे. मी नाही म्हणणार, ज्याला इथेच राहायचंय त्याचं ते शहाणपण आहे.

भांडायचंच झालं तर आपली माणसं भांडलेली पण आहेत, आणि कशी. 16 जानेवारी 1967 चा ओपिनियन पोल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. मी तेव्हा शाळेत. आमच्या घरात फूल, मामाकडे दोन पानं, आजोबा मराठीसाठी जीव द्यायला तयार आणि मामा म्हणायचा की मराठी वाचतो म्हणून घर कशाला सोडू. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली. आजोबा कितीतरी दिवस मामाशी बोलले नाहीत, पण मुद्दा काय होता ते दोघांना नीट सांगता यायचं. तुमच्या फॅमिली ग्रुपवर परवा जे काय झालं, दिल्लीच्या बातमीवरून काका ग्रुप सोडून गेले, त्यात आपल्या गावाचं एक अक्षर तरी होतं का?

पंचायतीच्या वेळी जास्त सांभाळ, विधानसभेपेक्षा. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, वॉर्डात काहीशे मतं, आणि समोरासमोर उभे कोण तर चुलतभाऊ. विधानसभेचा राग महिन्यात उतरतो, पंचायतीचा पाच वर्षं पुरतो. चवथीला मूळ घरात एकच गणपती, आरतीला दोन्ही पार्ट्या, एक मृदंगाजवळ उभी आणि दुसरी दाराजवळ, मी बघितलंय.

आणि तो तुझा डायलॉग, कोणाला पण मत द्या शेवटी फुटणारच. हसू येतं खरं. 2022 च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापुढे, म्हणजे क्रॉसपुढे, आणि बेतीच्या दर्ग्यात शपथा घेतल्या की पक्ष सोडणार नाही, आणि सप्टेंबरात 11 पैकी 8 जण भाजपमध्ये. 2005 ला वारा उलटा होता, भाजपचे आमदार सोडून गेले आणि पर्रीकरांचं सरकार पडलं. दोन-तृतीयांश एकत्र गेले की पक्षांतर बंदी कायदा काही करू शकत नाही, त्यामुळे कोपरा बैठकीत उभं राहून 'तुम्ही फुटणार का' विचारण्यात काही अर्थ नाही, जो देवाला खोटं बोलला तो तुला काय खरं सांगणार. त्यापेक्षा असं विचार ज्याचं उत्तर तारखेत किंवा लिटरमध्ये द्यावं लागतं. एप्रिलपासून वरच्या वाड्यावर टँकर का लागतो, टाकी मंजूर होऊन बांधायला कोणाची सही बाकी आहे, नळ दिवसातून किती वेळ येणार. हे आधी दोन शेजाऱ्यांना सांगून ठेव आणि एखाद्या वयस्कर बाईला विचारायला लाव. तू विचारलंस तर ते म्हणतील विरोधकांनी पाठवलाय. तिला नाही म्हणू शकत. तिन्ही उमेदवारांच्या बैठकीत तोच प्रश्न विचारा, मग तिंट्यावर बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

मतासाठी वाटतात त्या पैशांच्या पाकिटाबद्दल विचारलंस. कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, आणि निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाकून तक्रार करता येते. आपल्या घरात येऊ देऊ नको. पण शेजारच्या मावशीला लेक्चर देऊ नको, तिच्या चुलीचं तुला माहीत नाही.

विधानसभेची मुदत 2027 च्या मार्चमध्ये संपते, त्याआधी यादीत नाव आहे का ते आत्ताच बघून घे, मतदानाच्या सकाळी बूथवर येऊन आरडाओरडा करणारे मी खूप बघितलेत. तुझी ताई लग्न होऊन पेडण्याला गेली ना, तिचं नाव अजून इकडच्याच यादीत असेल, तिला पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरायला सांग. आणि आजीला सांग रविवारी येते.

टीचर